धंद्याचं पहिलं वर्ष : गटाची पंचसूत्री धंद्यातही पाळूया



आपल्या प्रभागात गेल्या वर्षभरात कुणी मसाल्याचं काम सुरू केलं, कुणी पापड-शेवयांचं, कुणी गिरणी टाकली, तर कुणी शिलाई मशीन घेतलं. बऱ्याच जणींना आता वर्ष होत आलं. गटाच्या बैठकीत मी विचारते, "कसा चाललाय धंदा?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "चाललाय की. माल खपतो, पण पैसा दिसत नाही."

माल खपतो आणि पैसा दिसत नाही. या वेळचा पाठ या एका वाक्यावर आहे. कारण ही गोष्ट साधी नाही. काही घरांत धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता भांगलणीच्या मजुरीतून भरला जातो. म्हणजे धंदा आपल्याला पोसत नाही, आपणच धंद्याला पोसतो. असं चार-सहा महिने चाललं की घरातून आवाज येतो, "बस झालं आता, बंद कर." आणि ताईंनाही वाटू लागतं की आपल्याला हे जमण्यासारखं नाही.

मला मात्र वाटतं की तुम्हाला हे जमतं. गट चालवताना तुम्ही ते रोज करता. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्री तुम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. गटाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला तर तुम्ही बैठक सोडत नाही. मग तीच शिस्त स्वतःच्या धंद्याला का लावायची नाही? तर चला, एकेक सूत्र घेऊ. लेख्यांपासून सुरुवात करू, कारण बाकीची चार त्यावर उभी आहेत.

१. नियमित लेखे : खर्च पुरता मोजा

कांदा-लसूण मसाल्याचं उदाहरण घेऊ. खालचे भाव हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या बाजारात जो भाव असेल तो घालून हाच हिशोब वहीत मांडा.

एका घाण्याचं सामान असं :
मिरची १० किलो (रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी) – २,५०० रुपये
धणे २ किलो – २४० रुपये
सुकं खोबरं २ किलो – ५६० रुपये
कांदा ५ किलो – १५० रुपये
लसूण अडीच किलो – ४०० रुपये
तीळ, खसखस, खडा मसाला मिळून १ किलो – ६५० रुपये
तेल दीड लिटर – २१० रुपये
मीठ २ किलो – ४० रुपये
एकूण – ४,७५० रुपये

आता हा मसाला ४०० रुपये किलोने विकला. सामान सगळं मिळून २६ किलोच्या आसपास आहे. पण मिरचीचे देठ जातात, उन्हात वजन घटतं, लसणाची सालं जातात आणि कांदा तर तळल्यावर मूठभर उरतो. हाती येतो १९ किलो. पहिली चूक इथेच होते. जितकं सामान घेतलं तितका माल होईल असं धरून दर ठरवला जातो. तयार माल काट्यावर मोजल्याशिवाय दर ठरवू नका.

१९ किलोचे ४०० प्रमाणे ७,६०० रुपये आले. त्यातून सामानाचे ४,७५० वजा केले की २,८५० रुपये उरतात. ताई खूश होतात. पण थांबा, अजून खर्च बाकी आहे :

कांडप, किलोला ३० रुपयांप्रमाणे – ५७० रुपये
गॅस, सरपण – २०० रुपये
अर्ध्या किलोच्या ३८ पिशव्या आणि स्टिकर – १९० रुपये
बाजारात जाणं-येणं, रिक्षा – २९० रुपये

हे १,२५० रुपये मिळवले की खर्च झाला ६,००० रुपये. शिल्लक राहिली १,६०० रुपये.

अजून एक खर्च कुणीच लिहीत नाही. तो म्हणजे आपली मजुरी. देठ काढणं, वाळवणं, भाजणं, तळणं, कांडपाच्या रांगेत उभं राहणं, पिशव्या भरणं. दोघींचे दोन-दोन दिवस जातात. ३०० रुपये रोजाने चार रोजांचे १,२०० रुपये होतात. तुम्ही त्या दिवशी शेतात गेला असतात तर हे पैसे रोख मिळाले असते ना? मग ते धरायलाच हवेत. आता उरले ४०० रुपये. त्यातला एक किलो मसाला "चवीला घ्या" म्हणून नणंदेला, शेजारणीला, पाहुण्यांना दिला. त्याचे ४०० गेले. शिल्लक शून्य.

२,८५० वाटत होते, निघाले शून्य. पैसा का दिसत नाही, याचं उत्तर हे आहे. तो कुणी चोरला नाही, तो मुळात नव्हताच.

हाच मसाला ४६० रुपये किलोने विकला तर ८,७४० रुपये येतात. मजुरीसकट खर्च ७,२०० रुपये. म्हणजे एका घाण्याला १,५४० रुपये राहतात, किलोला साधारण ८१ रुपये. हा ८१ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि चवीला द्यायचाच असेल तर पाव किलोची एक पिशवी बाजूला काढा आणि ती वहीत "नमुना" म्हणून लिहा. दिलं म्हणजे संपलं असं नको.

वही फार मोठी नको. तारीख, आलेले पैसे, गेलेले पैसे, कशासाठी, एवढे चार रकाने पुरे. ज्यांना लिहायला अडचण वाटते त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलीला रोज संध्याकाळी दहा मिनिटं सोबत बसवावं. पण आकडे तुम्ही सांगायचे.

आणि दोन डबे ठेवा, एक घराचा, एक धंद्याचा. धंद्याच्या डब्यातून घरातल्या तेला-साखरेला पैसे घेतले तर लिहून घ्या. आपली मजुरी मात्र धंद्याच्या डब्यातून हक्काने घराच्या डब्यात टाका. घरच्यांनाही मग दिसतं की बाई नुसती चूल पेटवत नाही, कमावते.

२. नियमित अंतर्गत कर्ज : उधारी हे कर्जच आहे

गटात कर्ज द्यायचं तर आपण काय करतो? मागणी येते, चर्चा होते, ठराव होतो, सह्या होतात, फेडीची मुदत ठरते. धंद्यात मात्र "ताई, पगार झाला की देते" एवढ्यावर दोन किलो मसाला जातो. उधारी म्हणजे आपण दिलेलं कर्जच, आणि तेही बिनव्याजी.

वरचा हिशोब आठवा. एक किलो मसाल्यावर आपल्याला ८१ रुपये सुटतात आणि तो बनवायला मजुरीसकट ३७९ रुपये लागतात. एका किलोचे पैसे बुडाले तर ते भरून काढायला जवळजवळ पाच किलो विकावे लागतात. एक किलो बुडाला की पाच किलोची मेहनत फुकट.

गावात उधारी पूर्ण बंद करता येत नाही, हे मलाही कळतं. सगळ्या आपल्याच आहेत, उद्या त्यांच्या दारात आपल्यालाही जायचं असतं. पण नियम करता येतो. एका घाण्यातला ठरावीक भागच, समजा चार किलो, उधारीवर द्यायचा. मागची उधारी आल्याशिवाय पुढची नाही. आणि देतानाच त्यांच्यासमोर वहीत लिहायचं. समोर लिहिलेलं माणूस विसरत नाही. तोंडाने नाही म्हणायला जड जातं, तेव्हा गटाचं नाव पुढे करा : "गटाचं भांडवल आहे, मला एकटीला ठरवता येत नाही." हे खोटंही नाही.

दुकानदाराचंही तसंच. तो १५ टक्के कमिशन मागत असेल तर ४६० च्या किलोमागे ६९ रुपये त्याचे. आपल्या ८१ पैकी उरले १२ रुपये. त्यात तो पैसे दोन महिन्यांनी देणार. म्हणून दुकानात माल ठेवण्याआधी त्याचा टक्का, पैशाची तारीख आणि न खपलेल्या मालाचं काय, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. टक्का परवडत नसेल तर दुकानासाठी छापील किंमत वाढवून बघा, नाहीतर तो माल थेट ग्राहकाला द्या.

३. नियमित बचत : पुढच्या घाण्याचे पैसे आधी बाजूला

गटात पहिली गोष्ट बचत, मग बाकीचं. धंद्यातही विक्रीचे पैसे आले की सर्वात आधी पुढच्या घाण्याचं सामान आणि खर्च, म्हणजे आपल्या उदाहरणातले ६,००० रुपये, धंद्याच्या डब्यात परत गेले पाहिजेत. ते भांडवल आहे, त्याला हात लावायचा नाही. त्यानंतर मजुरीचे १,२०० काम केलेल्या हातांना. मग जे १,५४० उरतात त्यावर विचार करायचा.

पहिल्या वर्षी खूप जणी इथे अडकतात. लग्नसराईत विक्री चांगली होते, हातात पैसा खेळतो, त्यातून मुलाची फी भरली जाते, पत्रे घेतले जातात. गरजा खऱ्याच असतात. पण नंतर मिरची घ्यायला पैसा नसतो आणि पुन्हा कर्ज काढावं लागतं.

मसाल्याचा धंदा हंगामाचा आहे. नवी मिरची जानेवारीनंतर बाजारात येऊ लागते आणि उन्हाळ्यात घरोघरी चटणी होते. तेव्हाच ऊन असतं, वाळवण होतं. ज्यांच्या हातात फेब्रुवारी-मार्चमध्ये रोख असते त्यांना चांगला माल निवडून घेता येतो. पावसाळ्यात मिरची दमट होते, बुरशी धरते, वजनात फसगत होते. म्हणून १,५४० मधले निदान निम्मे हंगामासाठी म्हणून बँकेत वेगळे टाकत जा. पापड, शेवया, लोणचं यांनाही हेच लागू आहे. शिलाईवाल्या ताईंचा हंगाम जूनमध्ये शाळेचा आणि पुढे दिवाळीचा. आपल्या धंद्याचे चार चांगले महिने कोणते आणि चार सुके महिने कोणते, हे कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

४. नियमित परतफेड : हप्ता धंद्यातून गेला पाहिजे

गटाकडून २०,००० रुपये घेतले आणि व्याज महिना शेकडा २ रुपये असेल, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ४०० रुपये होतं. महिन्यात एकच घाणा केला तर १,५४० मधले ४०० तिकडे गेले. दोन घाणे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनशेच आले. म्हणजे पैसे घरात पडून राहिले की व्याज अंगावर येतं. जितकं लागतं तितकंच कर्ज घ्या. "मंजूर होतंय तर घेऊन ठेवू" असं नको.

हप्ता कुठल्या पैशातून भरला, हे दर महिन्याला वहीत लिहा : धंदा, मजुरी की उसनवारी. सलग तीन महिने "मजुरी" किंवा "उसने" लिहावं लागलं तर गटात बोला. लाज वाटून गप्प बसलं की थकबाकी वाढते, मग गटाची बँकेतली पत जाते आणि त्यात दहा जणींचं नुकसान होतं. हप्ता चुकण्याआधी बोललात तर सुक्या महिन्यांत लहान आणि हंगामात मोठा हप्ता, असा मार्ग गट आणि ग्रामसंघ मिळून काढू शकतात. चुकल्यावर बोलणं अवघड होतं.

५. नियमित बैठक : कामाची हजेरी आणि हिशोबाचा दिवस

जिथे दोघी-चौघी मिळून धंदा करतात तिथे पैशापेक्षा कामावरून जास्त बिनसतं. "मी दोन दिवस मिरची निवडली, ती फक्त पॅकिंगला आली आणि वाटा सारखाच." हे बोलणं मनात राहतं आणि एक दिवस धंद्याबरोबर गटही मोडतो. त्यावर उपाय म्हणजे हजेरी. कोण किती दिवस आली ते लिहायचं. आधी हजेरीप्रमाणे मजुरी वाटायची, मग उरलेला नफा भांडवलाच्या हिश्श्याप्रमाणे. हा नियम पहिल्या घाण्याआधी ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. भांडण झाल्यावर केलेला नियम कुणालाच पटत नाही.

महिन्यातून एक दिवस फक्त हिशोबासाठी ठेवा. त्या दिवशी चार गोष्टी बघायच्या : किती माल केला, किती विकला, उधारी किती बाहेर आहे, आणि ग्राहक काय म्हणाले. एकट्याने धंदा करणाऱ्या ताईंनी घरातल्या एका माणसाला किंवा आपल्या सीआरपी ताईंना सोबत घेऊन बसावं.

ग्राहक कोण, हेही याच बैठकीत बोला. आपल्या भागात बहुतेक घरांत उन्हाळ्यात चटणी होते. तिथे मसाला विकत कोण घेणार? घेतात त्या नोकरी करणाऱ्या बायका, वसतिगृहं, खानावळी, ढाबे, आणि पुण्या-मुंबईला गेलेली आपलीच माणसं. त्यांना आज जी चव मिळाली तीच पुढच्या वेळी हवी असते. म्हणून अंदाजाने नाही, वजनाने घाला आणि प्रमाण लिहून ठेवा. "या वेळी जरा तिखट झालं" हे वाक्य घरात चालतं, धंद्यात ग्राहक जातो.

प्रदर्शनाला जातानाही आधी हिशोब करा. तीन दिवसांचं प्रदर्शन धरू. टेम्पोचे १,२०० रुपये, जेवणाचे ६००, दोघींचे तीन-तीन रोज म्हणजे १,८००. झाले ३,६०० रुपये. किलोला ८१ रुपये सुटत असतील तर फक्त हा खर्च निघायला ४५ किलो माल खपावा लागतो. जाऊ नका असं मी म्हणत नाही. प्रदर्शनात नवे ग्राहक मिळतात. पण मग त्यांचे फोन नंबर लिहून आणा आणि महिन्याभरात फोन करा, तरच त्या खर्चाचा उपयोग.

नोंदणीबद्दल थोडंसं

खाण्याच्या वस्तू विकायच्या तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, मग धंदा घरातून का असेना. तो १४ अंकी नंबर पाकिटावर छापावा लागतो. पाकिटावर मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण हवी. हे नसेल तर मोठा दुकानदार माल घेत नाही आणि तपासणीत अडचण येते.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. सरकारी पोर्टलवर आधार नंबर देऊन ती होते आणि तिला कसलीही फी नाही. कुणी "उद्यम काढून देतो" म्हणून हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. सीआरपी ताईंना बोलवा, मिळून करू.

वर्ष संपताना तीन प्रश्न

पहिलं वर्ष श्रीमंत करत नाही. पण धंदा कुठे चाललाय, हे ते नक्की सांगतं. वही समोर ठेवा आणि विचारा :

एक, स्वतःची मजुरी धरून काही शिल्लक राहिली का?
दोन, नातेवाईक आणि शेजारी सोडून किती ग्राहक दुसऱ्यांदा आले?
तीन, किती हप्ते धंद्याच्या पैशातून गेले?

तिन्हींचं उत्तर चांगलं असेल तर पुढच्या हंगामात थोडं वाढवा. एकदम दुप्पट नको. एखादं उत्तर कच्चं असेल तर तेवढंच दुरुस्त करा : दर कमी असेल तर दर, उधारी जास्त असेल तर उधारी. सगळं एकाच वेळी बदललं तर नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही.

आणि तिन्ही उत्तरं वाईट असतील, दुरुस्ती करूनही आणखी सहा महिने तशीच राहिली, तर तो धंदा थांबवायला हरकत नाही. हिशोब बघून थांबवणं म्हणजे हार नव्हे. कर्ज वाढण्याआधी थांबलेली बाई पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी सुरू करू शकते आणि तेव्हा तिच्या हातात वर्षभराची वही असते. नुकसान होतं ते काहीच न लिहिता "चाललंय की" म्हणत राहिल्याने.

पुढच्या बैठकीसाठी काम

ज्या ताईंचा धंदा सुरू आहे त्यांनी आपल्या एका घाण्याचा, किंवा शिवलेल्या दहा कपड्यांचा, किंवा गिरणीच्या एका आठवड्याचा हिशोब वरच्यासारखा मांडून आणावा. मजुरीचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. बैठकीत दोघी-दोघींनी एकमेकींची वही तपासा आणि या दोन प्रश्नांवर बोला :

१. आपण कोणता खर्च आजवर धरतच नव्हतो?
२. तो धरल्यावर आपला दर किती असायला हवा?

ज्यांचा धंदा अजून सुरू व्हायचा आहे त्यांनीही बसावं. आधी वही आणि मग कढई, असं झालं तर त्यांचं पहिलं वर्ष सोपं जाईल.

– तुमची क्षेत्र समन्वयक